जांभळाच्या मधाला जांभळाची चव आली, तेव्हाच उठायला हवं होतं

मधमाश्या पाळायला लावून एका विक्रेत्याने माझे ४२,३६० रुपये बुडवले. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी चाचरत विचारायला नको. मधमाश्यांच्या ५ पेट्या प्रत्येकी ६,५०० प्रमाणे ३२,५००; जाळीची टोपी, हातमोजे, माश्यांना धूर द्यायचा स्मोकर असा संच ४,२००; जांभळाची १२ रोपं प्रत्येकी १८० प्रमाणे २,१६०; आणि 'करारनामा नोंदणी' ३,५००. त्यातले २५,००० यूपीआयने गेले, १७,३६० रोख. रोख का दिले? "काकू, बिल केलं तर कर लागेल, तुमचे पैसे वाचवतोय." वाचवले हो.

योजना ओळखीचीच आहे. इमू झाले, कडकनाथ झाले, आता मधमाश्या. पेट्या त्याच्याकडून घ्यायच्या, मध तोच परत घेणार, जांभळाचा असला तर ५५० रुपये किलोने.

माझ्या डोक्यातून जात नाही ती नोव्हेंबर २०२३ मधली दुपार. आमच्या बैठकीत बसून त्याने बाटली उघडली, चमच्यात मध ओतला. जांभळट झाक, पिकल्या जांभळाचा वास. मी चाटला आणि खुशीत म्हणाले, "अगदी जांभळासारखा लागतो हो!" त्याने मान डोलावली. त्याला काही बोलावंच लागलं नाही.

अहो, मध फळातून येत नाही! माशी फुलातला मकरंद आणते, आणि जांभळाच्या फुलाला जांभळाची चव नसते. खरा जांभळाचा मध गडद, आणि गोडाच्या मागून जिभेवर किंचित कडवटपणा रेंगाळतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझं माहेर जावळीतलं. वडील दर उन्हाळ्यात महाबळेश्वरकडचा मध आणायचे आणि आम्ही पोरं त्या कडवटपणासाठी तोंड वाकडं करायचो. ती चव मी ओळखायला हवी होती. वर तो म्हणाला, "ताजा आहे, गेल्याच आठवड्यात काढलाय." जांभूळ फुलतं मार्च-एप्रिलमध्ये. नोव्हेंबरात ताजा कुठून?

मी मूर्ख नाही. तीस वर्षं घरखर्चाची वही लिहिली आहे, भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून वाद घालते. पण त्याने बाटली पाण्यात ओतून दाखवली, काडी बुडवून पेटवून दाखवली, आणि डोळ्यांनी पाहिलेलं खोटं वाटत नाही. या परीक्षांना काडीचा अर्थ नाही, भेसळ त्या सहज पार करते. "शुद्ध मध गोठत नाही" हेही त्याचंच वाक्य. मोहरीच्या फुलांचा मध अस्सल असून भराभर गोठतो.

फेब्रुवारीत पेट्या आल्या. ठरलं होतं पेटीमागे माश्यांनी भरलेल्या ८ चौकटी. निघाल्या कुठे ४, कुठे ५, बाकी चौकटींत पोळं बांधायला लावतात ते कोरं मेणपत्र. दोन पेट्यांत राणीच नव्हती. ते मला महिन्याने कळलं, पोळ्याच्या एकेका घरात तीन-तीन अंडी दिसली तेव्हा. राणी नसली की कामकरी माश्या तशी अंडी घालतात आणि त्यातून निघतात नुसते नर. पेटी संपली म्हणून समजा.

आणि ती १२ रोपं! "गच्चीवर ठेवा, मधाला जांभळाची चव येईल." माशी दोन-तीन किलोमीटर फिरते. आमच्या परिसरात शेवगा, करंज, कडुनिंब, चिंच; ती जिथे मकरंद मिळेल तिथे जाणार. एकाच फुलाचा मध हवा तर त्या फुलांचं रान लागतं. बी लावून केलेल्या जांभळाला मोहोर यायलाच आठ-दहा वर्षं लागतात. माझी रोपं अजून गुडघ्याएवढी आहेत.

एप्रिलमध्ये तो आला, मेणाने बंद न झालेल्या, म्हणजे मध अजून न पिकलेल्या चौकटीही यंत्रात फिरवल्या, ९.४ किलो मध काढला. मग मोजून म्हणाला, ओलावा २४ टक्के, २० च्या वर घेता येत नाही. कच्चा मध काढलास कशाला मग? "लॅबमध्ये दाखवतो" म्हणून सगळा मध घेऊन गेला. त्यानंतर फोन बंद. पावसाळ्यात उरलेल्या पेट्या मेणपतंगाच्या अळ्यांनी खाल्ल्या. पावसाळ्यात फुलं नसताना माश्यांना साखरेचा पाक द्यायचा असतो, हे त्या ३,५०० च्या करारात कुठेही नव्हतं.

तक्रारीचं काय विचारता! पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. "हा दिवाणी वाद आहे, माल तर मिळाला ना?" दुसरा साहेब हसत म्हणाला, "काकू, माश्या उडाल्या त्याला आम्ही काय करणार?" शेतीच्या कार्यालयात सांगितलं, मधमाशी आमच्याकडे येत नाही. जिथे पाठवलं तिथे विचारलं, त्याची नोंदणी आमच्याकडे आहे का? नाही? मग आमचा संबंध नाही. नमुन्याची बाटली अन्न तपासणीला द्यायला गेले, तर कायदा दाखवला. ग्राहकाला तपासणी करून घेता येते, पण विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. म्हणजे चोराला आधी कळवायचं की तुला पकडणार आहे! ग्राहक आयोगाबाहेरच्या एका वकिलाने ऐकवलं, मध विकायला पेट्या घेतल्या म्हणजे व्यापारी हेतू, तुम्ही ग्राहक नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलं तर सूट आहे, हे मला नंतर स्वतः वाचून कळलं. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. ती मी आता केली आहे.

पेटी घेताना तिथेच झाकण उघडायला लावा, राणी दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. रोख तर नाहीच. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा, मी चार महिने 'येईल, येईल' करत बसले. आणि शिकायचंच असेल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. माझ्या घरापासून एक बस. मी गेले नाही, कारण तो घरी येऊन शिकवणार होता.

ती नमुन्याची बाटली अजून फडताळात आहे. परवा जावेने तिच्या फोनवर एक व्हिडिओ दाखवला. नाव वेगळं, आवाज तोच. आता तुळशीचा मध विकतोय, म्हणे त्याला तुळशीचा वास येतो.