वडिलांची बाराबोर: नावावर घ्यावी की देऊन टाकावी?

सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांच्या घरांत हा प्रश्न कधी ना कधी येतोच. वडील फौजेतून परत आले, बँकेत गनमॅन म्हणून लागले, तेव्हा परवान्यावर दुनळी बाराबोर घेतली. ते गेले आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. पुढे काय करायचं ते वारसांनी ठरवायचं. आमच्या घरी मी ती परवानाधारक विक्रेत्याला देऊन टाकली. शिराळ्याकडच्या माझ्या मेव्हण्याने त्याच्या वडिलांची बंदूक स्वतःच्या नावावर करून घेतली. दोन्ही घरं मला आतून माहीत आहेत, म्हणून लिहितोय.

कागदपत्रांवर फार लिहीत नाही. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना मिळण्याची सोय आहे. परवानाधारक हयात असला तरी त्याचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तर ती वारसाच्या नावे करता येते. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षं चालतो. खरी अडचण बाकीच्या वारसांच्या संमतीची. सातबाऱ्यावरून बहीण-भावात आधीच धुसफूस असेल, तर बंदुकीच्या कागदावर सही मागायला जाणं सोपं नसतं.

मेव्हण्याची बाजू कमकुवत नाही, हे आधी सांगतो. त्याचं घर गावात नाही, मळ्यात वस्तीवर आहे. रात्री फोन केला तरी पोलीस यायला वेळ लागणारच. त्या घरी मुक्कामाला असताना, कपाटात बंदूक आहे या माहितीने मलाही बरं वाटलं आहे. मात्र चांदोलीच्या जंगलाच्या बाजूने येणाऱ्या जनावरांसाठी बंदूक हवी असं कोणी म्हणत असेल, तर ते कारण बाजूला ठेवा. बिबट्या आणि गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. रानडुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. उसातल्या बिबट्यासाठी मेव्हणाही बॅटरी आणि फटाकेच वापरतो.

माझा निर्णय झाला तो किल्लीपायी. बंदूक कुलपात ठेवायची, काडतुसं वेगळी ठेवायची, ही जबाबदारी परवानाधारकाची. योग्यच आहे. पण किल्ली कोणाकडे? फक्त माझ्याकडे ठेवली, तर मी साखर कारखान्यावर किंवा परगावी असताना घरच्यांना त्या बंदुकीचा काही उपयोग नाही. आणि परवाना माझ्या एकट्याच्या नावावर असल्याने ती दुसऱ्याने चालवणं कायद्यातही बसत नाही. किल्ली हाताशी, देवघराच्या फळीवर ठेवली, तर घरातल्या पोरासोरांना ती कुठे आहे हे आठवड्यात कळतं. रात्री दार वाजल्यावर किल्ली शोधा, कपाट उघडा, काडतुसं काढा, तोवर जे व्हायचं ते होऊन जातं. संरक्षण हवं तर किल्ली जवळ हवी, आणि किल्ली जवळ असली तर घरच धोक्यात. यातून वाट काढायला मी खूप डोकं लावलं. वाट सापडली नाही.

त्यातच बांधावरून भावकीशी वाजलं. पाण्याची पाळी, नांगराचं एक तास इकडे-तिकडे, नेहमीचंच. घरात आल्यावर माझा पुतण्या म्हणाला, "आजोबांची बंदूक आणायची ना घरी." रागात म्हणाला, दुसऱ्या दिवशी विसरलाही असेल. मी विसरलो नाही.

बंदुकांवरच्या कडक कायद्याचे विरोधक यावर म्हणतात की असा कायदा तो पाळणाऱ्यालाच जाचतो; गुंडाला मध्य प्रदेशातल्या बडवानीकडच्या उमर्टीतून गावठी कट्टा मिळतोच. हे खरं आहे, आणि कराड-सांगलीकडे ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडचे बरेच हल्ले तर कोयत्याने होतात, आणि शेतीचं अवजार म्हणून कोयत्याला परवानाच लागत नाही. म्हणजे बंदुकीच्या कायद्याने कोयता थांबणार नाही. पण कोयत्याच्या वारातून पळून वाचलेली माणसं मी पाहिली आहेत. छर्ऱ्यापुढे पळून किती जाणार?

बाहेरचं उदाहरण द्यायचं तर ऑस्ट्रेलियाचं देईन. १९९६ला पोर्ट आर्थरमध्ये एकाने ३५ माणसं मारली. त्यानंतर सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. दुनळी तिथे अजूनही परवान्यावर मिळते, पण स्वसंरक्षण हे कारण चालत नाही. खून किती कमी झाले यावर अभ्यासकांत वाद आहे, कारण ते आधीपासूनच कमी होत होते. बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या घटल्या, हे जास्त स्पष्ट दिसतं. अमेरिकेतही बंदुकीने जाणाऱ्या जिवांत निम्म्याहून अधिक आत्महत्येचेच असतात. कर्जाचा हप्ता, बारावीचा निकाल, नवरा-बायकोतलं भांडण, अशी एखादी वाईट रात्र कोणत्या घरात येत नाही? त्या रात्री कपाटात काय आहे याने फरक पडतो, असं मला मनापासून वाटतं. कडक कायद्याच्या बाजूने मी आहे तो मुख्यतः यामुळे. गुन्हेगारीचे आकडे किती हलतील हे दुसऱ्या क्रमांकावर.

तरीही, वस्तीवर एकटं घर आहे, लहान मुलं नाहीत, भावकीशी कोर्टात काही चालू नाही, कोणी दारू पीत नाही आणि चोऱ्यांची खरीच भीती आहे, अशा माणसाने बंदूक नावावर घेतली तर मी त्याला नावं ठेवणार नाही. मेव्हण्याचं घर बहुतेक असंच आहे. यातली एक जरी गोष्ट जमत नसेल, तर विक्रेत्याकडे द्या.

काहीही ठरवा, पण लवकर ठरवा. जमा केलेली बंदूक मुदतीत सोडवली नाही किंवा विकली नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. विक्रेत्याकडून पावती घ्या, तिची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्या.