शॅकल्टन बघायचा की त्याचा कप्तान? 'एंड्युरन्स'वरचे माहितीपट

अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेलं 'एंड्युरन्स' जहाज म्हटलं की अर्नेस्ट शॅकल्टन आठवतो. तो मोहिमेचा प्रमुख. जहाजाचा कप्तान होता फ्रँक वर्स्ली, न्यूझीलंडमधल्या अकारोआचा. १९१५ साली वेडेल समुद्रातल्या बर्फाने जहाज चिरडून बुडवलं, तरी २८च्या २८ माणसं जगली. कोणामुळे? तुम्ही कुठला माहितीपट लावता त्यावर उत्तर ठरतं.

कप्तानाबद्दल कुतूहल असेल तर २०१२चा 'शॅकल्टन्स कॅप्टन' बघा. त्यात नट घेऊन प्रसंग उभे केलेत. मला एरवी या प्रकाराचं वावडं आहे, पण इथे इलाजच नव्हता. मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली जहाज बुडाल्यावर सगळे ज्या निर्जन एलिफंट बेटावर पोचले तिथेच मागे राहिला होता, त्यामुळे मदत आणायला निघालेल्या 'जेम्स केअर्ड' होडीचं समुद्रातलं चित्रण मुळात नाहीच. साडेबावीस फुटी होडी, सहा माणसं आणि साउथ जॉर्जिया बेटापर्यंत सुमारे ८०० सागरी मैल. आभाळ सतत भरलेलं. साऱ्या प्रवासात वर्स्लीला सेक्स्टंटने (सूर्याची उंची मोजून आपली जागा काढायचं उपकरण) सूर्य धरता आला तो जेमतेम चार वेळा, तोही हेलकावणाऱ्या होडीत दोघांनी त्याला घट्ट धरून ठेवल्यावर. बाकी सगळा हिशोब वेग आणि दिशेच्या अदमासावर. बेट हुकलं असतं तर पुढे नुसता अटलांटिक, आणि त्या पश्चिमी वाऱ्यात मागे फिरणं जवळपास अशक्य. शॅकल्टनने माणसं सांभाळली हे खरंच, पण धीर देऊन रेखांश कळत नाही.

गोष्टच माहीत नसेल तर जॉर्ज बटलरचा २००० सालचा 'द एंड्युरन्स' घ्या. निवेदन लियाम नीसनचं, सोबत हर्लीचं अस्सल चित्रण आणि खलाशांच्या वंशजांच्या मुलाखती. केंद्रस्थानी अर्थातच शॅकल्टन. हर्लीचा स्वतःचा १९१९चा मूकपट 'साउथ' हौशी लोकांसाठी. त्यात पेंग्विन आणि सील भरपूर आहेत.

२०२४चा 'एंड्युरन्स' जुनी कथा आणि २०२२ मधला जहाजाचा शोध आलटून पालटून दाखवतो. जुन्या चित्रणाला दिलेले रंग चालून जातात. खलाशांच्या डायऱ्या मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या त्यांच्याच आवाजात ऐकवल्यात, ते मला खटकलं. तरी वर्स्लीला खरी दाद याच माहितीपटाच्या विषयात आहे. ३,००८ मीटर खोल जहाज सापडलं ते त्याने नोंदवलेल्या जागेपासून साधारण चार सागरी मैल दक्षिणेला. वाहत्या बर्फावर तंबू ठोकून, ढगाळ हवेत काढलेलं ते गणित, आणि १०७ वर्षांनी शोधणाऱ्यांना त्याच्याच भोवती समुद्राचा तळ धुंडाळायचा होता.

दोन संध्याकाळी मोकळ्या असतील तर आधी २००० सालचा आणि मग २०१२चा बघा. कोण कुठे अडकलं हे डोक्यात पक्कं असलं की होडीतल्या त्या आकडेमोडीकडे नीट लक्ष देता येतं.