हॉकी-स्टिक प्रोब: एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आठ महिन्यांच्या वापरानंतर

मोठ्या शिरेत कॅथेटर (बारीक नळी) घालताना अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मानेवर नेहमीचा लिनियर (सरळ) अल्ट्रासाऊंड प्रोब टेकवला की सुईला जागाच उरत नाही. हॉकीच्या काठीसारख्या वाकलेल्या या प्रोबचा टेकणारा भाग साधारण २५ मिमी. क्लॅव्हिकलच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) वर तो नीट बसतो आणि ब्रॅकिओसेफॅलिक शीर (छातीच्या वरच्या भागातली मोठी शीर) लांबीत दिसते. आमच्या मते पैसे वसूल होतात ते इथेच. मानेतली ज्युग्युलर शीर प्रोबच्या नुसत्या वजनाने दबते. ब्रॅकिओसेफॅलिक सहसा दबत नाही. डावी शीर जास्त आडवी असल्याने सुई रेषेत येते, म्हणून आम्ही आधी डावीकडे बघतो.

डेप्थ २ सेंमी, फ्रीक्वेन्सी सर्वांत वरची. शिरेचा व्यास आधी मोजा. कॅथेटर त्याच्या एक तृतीयांशापेक्षा जाड नको: ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी, तेव्हा शीर किमान ३ मिमी हवी. २२ गेज कॅन्युलातून (सुईवरच्या प्लॅस्टिकच्या नळीतून) ०.०१८ इंची वायर (जिच्यावरून कॅथेटर सरकवतात ती तार) सहज जाते. त्याहून बारीक २४ गेजमध्ये काही ब्रँडची अडते, ती ट्रेवरच घालून बघा; बाळाच्या मानेत सुई असताना हा शोध लागू नये.

चुकतं कुठे? सुईचं टोक दिसेनासं होतं आणि हात पुढे जातो. खाली प्लुरा (फुप्फुसाचं आवरण) काही मिलिमीटरवर आहे. टोक हरवलं की थांबा, प्रोब किंचित सरकवून शोधा, मगच पुढे. दुसरी अडचण अशी की शिरेची पुढची भिंत आत दबते आणि सुई दोन्ही भिंती पार करते. अशा वेळी हळूहळू मागे घ्या, रक्त आलं की वायर. वायर अडली तर जोर कधीच लावू नका.

प्रोबच्या निर्जंतुक कव्हरमध्ये जेलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की पडद्यावर काळी पट्टी येते आणि दोष मशीनला दिला जातो. जेल कोमट हवं. थंड जेलने बाळाचं तापमान झपाट्याने उतरतं. क्लोरहेक्सिडिन (त्वचेला लावायचं जंतुनाशक) पाठीखाली साचू देऊ नका, कोवळी त्वचा भाजते.

कॅथेटरचं टोक एसव्हीसी (हृदयात येणारी वरची महाशीर) आणि हृदयाच्या उजव्या कर्णिकेच्या सांध्याशी हवं. ते इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) बघा. कॅथेटर कर्णिकेत राहिलं तर टॅम्पोनाडचा (हृदयाभोवती द्रव साचून ते दबण्याचा) धोका असतो. बाळाचा हात-मान हलली की टोकही सरकतं, म्हणून ड्रेसिंग बदलल्यावर पुन्हा बघतो.

नाळेची लाइन किंवा पिक (हातापायाच्या शिरेतून आत नेलेली लांब नळी) घालता येत असेल तर हे लागणारच नाही. पण शिरा संपलेल्या, ऑपरेशनला निघालेल्या बाळासाठी हा प्रोब हाताशी हवा.

एक खटकतं: केबल जड आहे, ट्रेवरून घसरते आणि प्रोबला ओढते. ती चादरीला क्लिपने अडकवा.