नव्या कोचचा पहिला मोसम: गोलकीपरकडून अभिप्राय

आमच्या वेंगुर्ल्यातल्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाला 2025च्या गणपतीनंतर नवे कोच मिळाले. सर गोव्याचे. मी टी.वाय.ला आहे, तीन वर्षं गोलात उभी राहतेय, म्हणून हा अभिप्राय गोलातूनच.

गेल्या वर्षी मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच सामन्यात आम्ही सहा गोल खाल्ले. कारण मला ठाऊक होतं. आमचं ग्राउंड जांभ्याचं, वर बारीक खडी. चेंडू कुठे जातोय ते दिसायचं, पण अंग टाकायची हिंमत व्हायची नाही. एकदा टाकलं तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं, आठवडाभर आंघोळीचं पाणी झोंबत होतं.

सरांनी पहिल्या दिवशी माझं कोपर बघितलं आणि म्हणाले, उद्यापासून सागरेश्वरच्या किनाऱ्यावर. ओहोटीची ओली वाळू घट्ट असते, धावता येतं आणि पडलं तरी लागत नाही. प्रश्न वेळेचा होता, कारण ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते. तो बाबांनी सोडवला. बाबा मासेमारीला जातात. म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर गो, भरती गावतली." पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे तेव्हा भरती आणि साधारण सहा तास आधी, पहाटे सव्वापाचच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सकाळी सहालाच भरती, त्या दिवसांत ग्राउंडवर फक्त पासिंग. सरांनी कालनिर्णय बघून महिन्याचं वेळापत्रक लावलं. गोव्याहून येणाऱ्या माणसाने आमच्या घरातलं गणित इतकं मनावर घेतलं, याचं मला फार अप्रूप आहे.

पडायचं कसं तेही पहिल्यांदा कुणीतरी शिकवलं. आधी गुडघ्याखालची बाजू, मग मांडी, कंबर, शेवटी खांदा. कोपर कधीच आधी टेकवायचं नाही. पंधरा दिवस चेंडूशिवाय नुसतं पडणं. दिवाळीनंतर जांभ्यावर परतलो तेव्हा मी न घाबरता पडले.

बचावाला सरांनी कबड्डीच्या दोघी आणल्या. फुटबॉल त्यांना नवा, पण समोरचीच्या कमरेकडे बघून ती कुठे वळणार ते त्या अचूक ओळखतात. नवा नियमही घोटून घेतला: कीपरने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर. सर शेवटची पाच सेकंदं रेफरीसारखी बोटांवर मोजायचे.

पहिला सामना 2-1 जिंकलो. दुसरा 0-0, मग पेनल्टीवर हरलो. इथे मात्र तक्रार आहे. पेनल्टीचा सराव आम्ही संपूर्ण मोसमात दोनदाच केला. 7.32 मीटर रुंदीच्या गोलात मी प्रत्येक वेळी आधीच उडी मारली. पाचपैकी चार गुण देते, एक त्याचा कापला.

कॉलेजला विनंती, पुढच्या वर्षी सरांना जुलैतच बोलवा. तेव्हा समुद्रावर जाता येणार नाही, पण हॉलमध्ये गाद्या टाकून पडण्याचा सराव होईल. गाद्या कबड्डीच्या खोलीत आहेत. मी तोवर पास होऊन गेलेली असेन, पण एफ.वाय.ची एक उंच मुलगी कीपर व्हायला तयार आहे. तिची कोपरं अजून धड आहेत.