आठ महिने फ्रीकॅड, आणि दोन कडांमधलं ते 30.00

फ्रीकॅड हे त्रिमितीय डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन कॅस्केड या भूमितीच्या इंजिनावर चालतं, 2002 पासून चाललेल्या कामाला 1.0 हा आकडा नोव्हेंबर 2024 मध्ये मिळाला, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. माझं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत लहानसं पॅटर्न शॉप आहे, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवायचं. आधी विकतचं सॉफ्टवेअर होतं, नाव राहू दे. त्याच्या नूतनीकरणाचं कोटेशन आलं तेव्हा बघितलं, तेवढ्यात माझी वर्षभराची एंडमिलं, म्हणजे मिलिंगची कटरं, येतात. मग ते बंद केलं आणि हे बसवलं.

मी फक्त मोजमापाबद्दल लिहिणार आहे, कारण मॉडेल मी क्वचितच बनवतो. गिऱ्हाईक स्टेप फाइल (अचूक त्रिमितीय मॉडेल) पाठवतं, मी उघडतो, मोजतो, लाकूड नाहीतर ॲल्युमिनियम कापतो. पहिले चार-पाच महिने एकदम खूश होतो. जुन्या आवृत्त्यांत मोजायची साधनं इकडे-तिकडे विखुरलेली होती, 1.0 मध्ये एकच हत्यार: एक कड निवडली की लांबी, गोल कड निवडली की त्रिज्या, दोन समांतर कडा निवडल्या की अंतर. सेव्ह केलं की माप झाडात, म्हणजे फाइलमधल्या घटकांच्या यादीत, जाऊन बसतं, फाइल पुन्हा उघडली तरी तिथंच. पाचपैकी पाच देणार होतो.

मग कोअर बॉक्सचं, म्हणजे ओतकामात पोकळीसाठी लागणारा वाळूचा गाभा बनवायच्या पेटीचं काम आलं. 40 मिमी खोल खाच, पुढून उघडी, दोन्ही भिंतींना एकेक अंश ड्राफ्ट, म्हणजे वर रुंद होत जाणारा उतार. तिच्यात बसणारा सुटा तुकडा करायचा होता. समोरून बघितलं की खाचेच्या दोन उभ्या कडा ठळक दिसतात, माउस आपोआप तिथंच जातो. दोन्ही निवडल्या. 30.00. तुकडा सरळ 30 ला कापला, ॲल्युमिनियममध्ये.

आमचे आप्पा मिस्त्री तुकडा बसवून वाकून बघत म्हणाले, ‘मालक, खाली झकास बसलंय. वर वारं जातंय.’

फिलर गेज घातला तर वरच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना साधारण 0.70 फट. एका अंशाच्या ड्राफ्टला 40 मिमी उंचीवर भिंत 0.70 सरकते, म्हणजे खाली 30.00 आणि वर 31.40. हे मला पाठ आहे, रोजचं गणित आहे. तरीही दोन दिवस मी सॉफ्टवेअरलाच शिव्या घातल्या, फुकटातलं ते फुकटातलंच वगैरे. हा अभिप्राय त्या रात्री लिहिला असता तर एकच चांदणी पडली असती.

तिसऱ्या दिवशी तीच फाइल उघडून तेच केलं, पण या वेळी सावकाश. त्या दोन कडा निवडल्यावर पहिल्यांदा अंतर आलंच नव्हतं. आला होता कोन, 2.00 अंश. कडा समांतर नसतील तर हे हत्यार आपणहून कोनच दाखवतं. ‘मला अंतर पाहिजे, कोन कुणी मागितला?’ म्हणत मीच यादीतून अंतर निवडलं होतं. बिचारं सांगत होतं की बाबा, या कडा तिरक्या आहेत, आणि मी त्याचं तोंड बंद केलं.

अंतर म्हणजे कमीत कमी अंतर, दोन कडांवरचे एकमेकांना सगळ्यात जवळचे दोन बिंदू. तिरक्या कडांत ते बिंदू अरुंद टोकाला असतात, म्हणून खाचेच्या तळाचं माप आलं. विकतच्यात याच कडा निवडून किमान अंतर मागितलं असतं तरी तेच 30.00 मिळालं असतं, हे कबूल करायला जरा जड जातं. फक्त त्या आकड्याशेजारी ‘किमान’ एवढा एक शब्द असता तर माझा तुकडा वाचला असता, असं अजूनही वाटतं. एक शब्द! बाकी सगळं माफ आहे.

आता ड्राफ्टच्या कामात उभ्या कडांना हातच लावत नाही. तोंडाच्या दोन आडव्या कडा, मग तळाच्या दोन. त्या समांतर असतात, सरळ अंतरच येतं. दोन्ही मापं सेव्ह करून त्यांना ‘वरचं’, ‘खालचं’ अशी नावं देतो. शंका आली तर डेल्टावर टिक करतो, एक्स, वाय, झेड वेगवेगळे दिसतात. माप तिरकं गेलं असेल तर तिथंच कळतं.

जाता जाता, एसटीएल (सगळा पृष्ठभाग सपाट त्रिकोणांत तोडलेली फाइल) पाठवणाऱ्यांना मी मापं देत नाही. त्यात गोल भोक गोल नसतंच. 20 मिमीच्या वर्तुळाच्या 32 पट्ट्या केलेल्या असतील तर समोरासमोरच्या पट्ट्यांमध्ये 19.90 भरतं, मग भांडण कुणाशी करायचं? स्टेप पाठवा.

चार चांदण्या. पाचवी त्या शब्दासाठी राखून ठेवली आहे. वाया गेलेला तुकडा माझ्या टेबलावर ड्रॉइंगं उडू नयेत म्हणून ठेवलाय, आणि आप्पा हल्ली कुठलंही माप सांगितलं की आधी विचारतात, ‘वरचं का खालचं?’