आर्क्टिक पी१२ ए-आरजीबी पंखे: मदरबोर्डाला थेट जोडता येणारी रोषणाई

आर्क्टिक कंपनीचे ‘पी१२ पीडब्ल्यूएम पीएसटी ए-आरजीबी’ हे संगणकाच्या कॅबिनेटसाठीचे, एकेका दिव्याचा रंग वेगळा ठेवता येणारे (ए-आरजीबी) १२० मिलिमीटरचे पंखे घेण्याजोगे आहेत, आणि माझ्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे त्यांची रोषणाई मदरबोर्डाला जोडण्याची सरळ पद्धत. वेगळा नियंत्रक, रिमोट किंवा कंपनीचे स्वतंत्र सॉफ्टवेअर यांपैकी काहीही न घेता हे पंखे मदरबोर्डावरील पाच व्होल्टच्या तीन-पिनी हेडरला, म्हणजे वायर खोचण्यासाठी दिलेल्या पिनांच्या जागेला, लावता येतात. एमएसआयच्या ‘मॅग बी५५० टोमाहॉक’ या मदरबोर्डावर असे तीन पंखे मी वापरत आहे; पुढील मजकुरात पंख्याच्या गुणांबरोबरच या जोडणीचा विचार विस्ताराने केला आहे, कारण पंखे विकत घेणाऱ्यांच्या अडचणी बहुतेक वेळा तिथेच सुरू होतात.

पंखा म्हणून त्याच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. मिनिटाला सुमारे २०० ते २००० फेरे एवढी त्याच्या वेगाची मर्यादा आहे, फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगमुळे कमी वेगात तो जवळजवळ निःशब्द असतो, आणि वेगाचा संकेत ५ टक्क्यांच्या खाली गेला की तो पूर्ण थांबतो. पाती अर्धपारदर्शक असल्यामुळे १२ एलईडींचा प्रकाश त्यांच्यावर मऊपणे पसरतो आणि डोळ्यांना खुपत नाही. रात्री अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर तासन्‌तास बसणाऱ्याला हा सौम्यपणा नक्कीच आवडेल. काचेच्या कॅबिनेटमधून दूरवर झगमगाट दिसावा अशी अपेक्षा असणाऱ्याला मात्र कडेने उजळणारे पंखे अधिक भावतील.

प्रत्येक पंख्यातून दोन स्वतंत्र वायरी निघतात, आणि पंखा व रोषणाई यांचे मार्ग वेगळे आहेत ही गोष्ट जोडणीला हात घालण्यापूर्वीच पक्की समजून घ्यावी. चार-पिनी वायर मोटारीसाठी असून ती १२ व्होल्टवर चालते. तिच्या टोकाला पुढच्या पंख्यासाठीही जोड दिलेला असल्याने तीन पंखे एकमेकांना जोडून मदरबोर्डावरचे एकच फॅन हेडर वापरता येते. नावातील ‘पीएसटी’ या अक्षरांचा अर्थ हाच आहे. अशा साखळीत वेगाची नोंद एकाच पंख्याची मिळते, त्यामुळे मागचा एखादा पंखा अडकला तर ते बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) दिसणार नाही. अधूनमधून कॅबिनेटमध्ये डोकावणे बरे. दुसरी वायर एलईडींची. ती पाच व्होल्टवर चालते, तिच्यात वीज, संदेश आणि ग्राउंड अशा तीनच तारा असतात, आणि तिलाही पुढच्या पंख्यासाठी जोड आहे.

या दुसऱ्या वायरीसाठी मदरबोर्डावर योग्य हेडर निवडणे, हा साऱ्या कामातला सर्वांत नाजूक टप्पा आहे. टोमाहॉकवर रोषणाईसाठी दोन प्रकारची हेडरे आहेत: ‘जेरेनबो’ नावाची दोन आणि ‘जेआरजीबी’ नावाची दोन. जेरेनबोमध्ये तीन पिना असतात आणि तिसऱ्या स्थानाची पिन मुद्दाम गाळलेली असते. तिथे पाच व्होल्ट मिळतात. जेआरजीबीमध्ये चारही पिना असतात आणि तिथे १२ व्होल्ट मिळतात. त्या हेडरवर संदेशाची तार नसून हिरवा, लाल आणि निळा यांच्या तीन तारा असतात, म्हणजे जोडलेली सगळी पट्टी एका वेळी एकाच रंगाची दिसते. दोन्ही हेडरांच्या पिनांमधील अंतर सारखेच असते आणि पाच व्होल्टची जागा जिथे असते, नेमक्या त्याच टोकाला दुसऱ्या हेडरवर १२ व्होल्ट असतात. पाच व्होल्टचे एलईडी तिथे जोडले गेले तर ते जळतात, आणि एलईडी पंख्यात कायमचे बसवलेले असल्याने नुकसान दुरुस्त करता येत नाही. ज्या जोडात तिसरे छिद्र बुजवलेले असते तो चार पिनांवर सहजासहजी बसत नाही. पण ज्या जोडात मधली जागा नुसती मोकळी सोडलेली असते, किंवा मधे एखादे स्वस्त स्प्लिटर (एका हेडरला अनेक वायरी जोडणारी फाटेवायर) असते, तिथे हा अडसर राहत नाही. म्हणून जोड बसतो आहे एवढ्यावर विश्वास न ठेवता मदरबोर्डावर छापलेले नाव टॉर्चच्या उजेडात वाचावे, मार्गदर्शक पुस्तिकेतील आकृतीशी ताडून पाहावे आणि जोडावरील बाणाची खूण पाच व्होल्टच्या पिनेकडे आहे याची खात्री करावी. हे सारे एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) स्विच बंद करून आणि मुख्य वायर काढून ठेवूनच करायचे असते.

नावांचा गोंधळ कंपनीगणिक वाढतो. असूसच्या मदरबोर्डांवर याच हेडरला ‘अ‍ॅड हेडर’ किंवा नव्या पिढीत ‘अ‍ॅड जेन २’ असे नाव आहे, एएसरॉकच्या बोर्डांवर ‘अ‍ॅडर एलईडी’ असे लिहिलेले दिसते, तर गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर ‘डी-एलईडी’ असे नाव आढळते. गिगाबाइटच्या काही जुन्या बोर्डांवर पिन न गाळलेले, सलग तीन पिनांचे हेडरही होते, आणि त्यासाठी वेगळी जोडवायर लागे. जुन्या बोर्डावर हे पंखे लावण्याचा विचार असेल तर पंखे मागवण्याआधी बोर्डाची पुस्तिका उघडावी.

तीन तारांमध्ये एकेका एलईडीचा रंग वेगळा कसा ठेवला जातो, हे समजले की पुढच्या अनेक शंका आपोआप मिटतात. प्रत्येक एलईडीत एक सूक्ष्म चिप असते. मदरबोर्डाकडून आलेल्या संदेशातील पहिले २४ बिट, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी प्रत्येकी आठ, ती स्वतःसाठी ठेवते आणि उरलेला संदेश पुढच्या एलईडीकडे सोडते. आरतीनंतर प्रसादाचे ताट हातोहात पुढे सरकावे आणि प्रत्येकाने आपला वाटा उचलून ते शेजाऱ्याकडे द्यावे, तसे हे काम चालते. ‘डब्ल्यूएस२८१२बी’ या सर्वत्र रूढ झालेल्या प्रकारात एक बिट साधारण १.२५ मायक्रोसेकंदात जातो, त्यामुळे ३६ एलईडींची सलग ओळ असली तरी तिचे सगळे रंग जेमतेम एक मिलिसेकंदात पोहोचतात. डोळ्याला त्यात कोणताही खंड दिसत नाही.

मात्र इथेच एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. स्प्लिटरने पंखे जोडले की मदरबोर्डाचा एकच संदेश सगळ्या पंख्यांना एकाच वेळी मिळतो, म्हणून प्रत्येक पंखा तंतोतंत सारखीच नक्षी दाखवतो. तीन पंख्यांमधून खालून वर सरकत जाणारी एकच लाट हवी असेल, तर पहिल्या पंख्याच्या शेवटच्या एलईडीतून बाहेर पडलेला संदेश दुसऱ्या पंख्याला मिळायला हवा, किंवा प्रत्येक पंखा स्वतंत्र हेडरवर हवा. आपल्या साखळीत काय घडते ते तपासण्याची सोपी रीत अशी: सॉफ्टवेअरमध्ये फक्त पहिल्या एलईडीला लाल रंग द्यावा आणि बाकीचे विझवावेत. प्रत्येक पंख्यावर एकेक लाल ठिपका उमटला तर संदेश सर्वांना समान जातो आहे. एकाच पंख्यावर उमटला तर तो एकामागून एक जातो आहे. एकाच रंगाची स्थिर रोषणाई किंवा संथपणे बदलणारे रंग ज्याला पुरेसे आहेत, त्याला या फरकाने काही बिघडत नाही, आणि मी स्वतः त्याच मताचा आहे.

विजेचा हिशेब मात्र सर्वांनीच करावा. टोमाहॉकच्या पुस्तिकेनुसार एका जेरेनबो हेडरवर जास्तीत जास्त ३ अँपिअर प्रवाह घेता येतो आणि ७५ एलईडी जोडता येतात. उजेड २० टक्क्यांवर ठेवला तर ही संख्या २०० पर्यंत जाते. पूर्ण पांढऱ्या रंगात या जातीचा एक एलईडी सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो असे धरून चालण्याची पद्धत आहे. या हिशेबाने १२ एलईडींचा एक पंखा पाऊण अँपिअरच्या आत राहतो, तीन पंखे सव्वादोन अँपिअरच्या आत राहतात, आणि एका हेडरवर ते निर्धास्तपणे चालतात. सहा पंख्यांचे एलईडी मात्र ७२ होतात. पुस्तिकेतील ७५ च्या आकड्यात ते बसतात, पण पूर्ण पांढऱ्या उजेडात त्यांची मागणी ४ अँपिअरच्या वर जाऊ शकते. फक्त संख्या पाहून सहाही पंखे एका हेडरवर चढवणे मला योग्य वाटत नाही. बोर्डावर दुसरे जेरेनबो हेडर उपलब्ध असताना तीन-तीनची विभागणी करावी. एकच हेडर असेल तर ज्या हबला (अनेक पंखे एकत्र जोडणाऱ्या पेटीला) वीज एसएमपीएसच्या साटा वायरीतून मिळते आणि मदरबोर्डाकडून फक्त संदेश घेतला जातो असा हब घ्यावा. त्यामुळे हेडरवरचा भार जवळजवळ नाहीसा होतो.

या पद्धतीचा एक दोष मला खटकतो, आणि तो एकट्या आर्क्टिकचा नसून तीन-पिनी जोडाच्या रचनेतच आहे. फॅन हेडरला प्लास्टिकची पट्टी असते, तिच्या आधाराने जोड नीट बसतो. रोषणाईच्या हेडरला तसा कोणताही आधार नाही. मागच्या बाजूने वायरी ओढून बांधताना हा जोड अर्धवट निसटतो, आणि मग कधी सगळेच एलईडी विझतात, कधी संदेशाची पिन सुटल्याने ते एखाद्याच रंगावर गोठतात. पंखा बिघडला असे समजून तो परत पाठवण्यापूर्वी जोड एकदा काढून पुन्हा बसवून पाहावा. पंख्यापंख्यांमधील जोडांवर विजेची चिकटपट्टी गुंडाळून ठेवली तर ते सुटत नाहीत. तसेच हेडरे बहुधा बोर्डाच्या अगदी कडेला, खाली किंवा वरच्या कोपऱ्यात असतात. मोठे ग्राफिक्स कार्ड किंवा वरचा रेडिएटर बसवल्यावर तिथे बोटे पोहोचत नाहीत, म्हणून या वायरी आधी लावून मगच मोठे भाग बसवणे सोयीचे जाते.

वीज सुरू केल्यावर पुढचे काम सॉफ्टवेअरचे. एमएसआयचे ‘मिस्टिक लाइट’, असूसचे ‘ऑरा सिंक’, गिगाबाइटचे ‘आरजीबी फ्यूजन’ आणि एएसरॉकचे ‘पॉलिक्रोम’ ही त्या त्या कंपनीची साधने या पंख्यांना चालतात, कारण पंख्याच्या बाजूने कोणतेही खास तंत्र वापरलेले नाही. त्यात एलईडींची संख्या विचारली गेली तर ती नीट भरावी. संख्या कमी पडली तर वर्तुळाचा काही भाग अंधारात राहतो, आणि जास्त झाली तर फिरणारी नक्षी मधेच अदृश्य होऊन थोड्या वेळाने परतते. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून ‘डायनॅमिक लायटिंग’ ही सोय आली आहे, पण ती मदरबोर्डाकडून पाठिंबा असेल तरच चालते. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ‘ओपनआरजीबी’ हा मुक्तस्रोत पर्याय आहे. तो वापरण्यापूर्वी आपला बोर्ड त्याच्या यादीत आहे का, हे अवश्य पाहावे. संगणक बंद केल्यावरही दिवे जळत राहिले तर घाबरू नये: अनेक बोर्ड हेडरला राखीव वीज देत राहतात, आणि बायोसमध्ये ‘ईआरपी’ हा पर्याय सुरू केल्यावर ती बंद होते.

बायोसमध्ये असतानाच फॅन हेडर ‘पीडब्ल्यूएम’ (संकेताने वेग ठरवण्याच्या) पद्धतीवर ठेवावे, म्हणजे मोटारीला पूर्ण १२ व्होल्ट मिळून वेग संकेतावर ठरतो. पंखा थांबण्याची सोय थंड खोलीत सुखाची आहे. विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हाळ्यात खोलीचेच तापमान ४० अंशांच्या जवळ जाते तेव्हा तिचा उपयोग नाही, आणि तिथे किमान वेग ३० टक्क्यांच्या आसपास ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पाती थांबली तरी एलईडी चालूच राहतात, कारण त्यांची वीज निराळी आहे.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘आरजीबी पंखा’ एवढेच सांगून चौकशी केली तर एकाच फळीवरून तीन निरनिराळ्या जाती समोर येतात: एसएमपीएसच्या मोलेक्स वायरीवर थेट चालणारे ठरावीक रंगांचे, सहा-पिनी जोडाचे व रिमोटच्या हबसह येणारे, आणि तीन-पिनी पाच व्होल्टचे. सहा-पिनी संच स्वस्त असतो, पण त्याचा हब बिघडला की दुसऱ्या कंपनीचा हब त्याला बहुधा चालत नाही आणि पंखे सुस्थितीत असूनही रोषणाई संपते. लियान ली आणि कोर्सेर यांच्या महागड्या श्रेणींत वायरी फार सुबक लपतात, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यांतील अनेक पंख्यांना त्याच कंपनीचा नियंत्रक लागतो. आर्क्टिकच्या पंख्यांत तो सुबकपणा नाही, प्रत्येक पंख्याच्या दोन वायरी आपल्यालाच बांधून लपवाव्या लागतात, पण उद्या मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीचा घेतला तरी हेच पंखे त्याच्या पाच व्होल्टच्या हेडरवर लागतात. ज्यांच्या बोर्डावर फक्त १२ व्होल्टचे चार-पिनी हेडर आहे किंवा रोषणाईचे हेडरच नाही, त्यांनी वेगळा पाच व्होल्टचा नियंत्रक घ्यायची तयारी असेल तरच हे पंखे घ्यावेत. नाहीतर याच मालिकेतील बिनदिव्याचा पी१२ त्यांच्यासाठी पुरेसा आहे.