मुलाखतीतली शेवटची काही मिनिटे: शोआ फाउंडेशनच्या साक्षसंग्रहाविषयी

शाळेतून निवृत्त झाल्यावर अंबाजोगाईतल्या घरी बसून गेले चार महिने मी नियमितपणे पाहत आलो आहे तो दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील शोआ फाउंडेशनचा दृक्‌श्राव्य साक्षसंग्रह. चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी १९९४ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि नाझींच्या नरसंहारातून वाचलेल्या माणसांच्या, त्यांतही मुख्यतः ज्यूंच्या, सुमारे ५२ हजार मुलाखती ५६ देशांत आणि ३२ भाषांत चित्रित करून घेतल्या. नावनोंदणीला पैसे पडत नाहीत. मात्र घरून संग्रहाचा काही भागच उघडतो, बाकीचा सदस्य विद्यापीठांत जाऊन पाहावा लागतो.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिची सूची. मुलाखत सहसा दोन तासांहून मोठी असते, पण तिचे मिनिटामिनिटाचे तुकडे पाडून प्रत्येकाला गावाचे, नाझी छळछावणीचे, विषयाचे नाव जोडलेले असल्यामुळे हवे ते ठिकाण लगेच सापडते. आयुष्यभर दाखल-खारीज रजिस्टर सांभाळलेल्या माझ्यासारख्याला या कामाची किंमत कळते.

मुलाखत घेणाऱ्यांना आखून दिलेले प्रमाण असे होते की साधारण पाचवा हिस्सा युद्धापूर्वीच्या आयुष्याला, तीन हिस्से युद्धकाळाला आणि उरलेला पाचवा हिस्सा नंतरच्या आयुष्याला द्यायचा. मी मधल्या भागासाठी गेलो होतो आणि शेवटच्या भागाशी थांबलो. शेवटी जुने फोटो कॅमेऱ्यासमोर धरले जातात आणि पुष्कळदा मुले-नातवंडे शेजारी येऊन बसतात. ज्यांनी छावणी पाहिलेली नाही, त्यांच्या बसण्यात ती दिसते की काय, असे पाहणाऱ्याला वाटू लागते.

मला तसे वाटण्यामागे आमच्या घरातील एक सवय आहे. लहानपणी रात्री आम्ही खोकलो की वडील झोपेतच आमच्या तोंडावर हात ठेवत. घट्ट नव्हे, पण ठेवत. पुढे आत्याकडून कळले की १९४८ मध्ये रझाकार उदगीरजवळच्या आमच्या गावात शिरले, तेव्हा आजीने दोन्ही लेकरांना घेऊन अख्खी रात्र वाड्याच्या बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या कोठारात, काढली होती आणि सहा वर्षांच्या वडिलांना खोकला झाला होता. मागच्या हिवाळ्यात नातू खोकला आणि माझा हात त्याच्या तोंडाशी गेला. दोन्ही इतिहास एका मापाचे आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. साठ लाख ज्यूंच्या हत्येशी आमच्या एका रात्रीची तुलना होत नाही. मात्र न सांगितलेली गोष्ट पुढच्या पिढीकडे कशी जाते, हे त्या हातामुळे मला ओळखता आले.

ही स्मृती रक्तातून उतरते, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. न्यूयॉर्कच्या संशोधक रेचल येहुदा यांच्या २०१६ च्या अभ्यासात, ताणाशी संबंधित एका जनुकावरील रासायनिक खुणा वाचलेल्यांत आणि त्यांच्या मुलांतही आढळल्या खऱ्या, पण त्यात वाचलेले ३२ आणि मुले २२ एवढीच माणसे होती. उलट २००३ मध्ये ४,४१८ जणांवरील आधीचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा उपचारांसाठी न आलेल्या सर्वसाधारण कुटुंबांतील मुलांवर आईवडिलांच्या आघाताचा तसा परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणून मी जनुकांपेक्षा हाताच्या सवयीवर जास्त विश्वास ठेवतो.

संग्रहाविषयी तक्रार एकच आहे. शेवटच्या भागाला एवढा कमी वेळ द्यायला नको होता. घरात काय बोलले जात नव्हते, ताटात अन्न टाकू दिले जात होते का, दाराची कडी कोण तपासत होते, हे कुठे कुठे येते आणि मुलांनी ते कसे घेतले हे विचारायच्या आत मुलाखत संपते. गावातील वीज आणि नेट यांच्याबद्दल न बोललेले बरे; त्यात संस्थेचा दोष नाही.

गेल्या आठवड्यात ८७ वर्षांच्या आत्याला मी फोनवर एक शेवटचा भाग दाखवला. इंग्रजी तिला कळत नाही. पडद्यावर म्हातारी बाई बोलत होती आणि शेजारी तिची लेक बसली होती. आत्याने म्हातारीकडे फारसे पाहिले नाही. लेकीवर बोट ठेवून ती म्हणाली, “ही पोरगी आईच्या तोंडाकडं बघंना झालीय बघ.” मग तिने फोन उलटा करून ठेवला आणि चहा टाकायला सांगितला.